अर्ध्या खिडकीचा पडदा

माझ्या टेपचं दुसरं टोक भिंतीपलीकडं कुणीतरी धरलं होतं.

मी स्टुलावर उभी राहून खिडकीचं माप घेत होते. टेप बोटांतून निसटली, भिंत आणि खिडकी यांच्यामधल्या फटीतून पलीकडं गेली. ओढली तर येईना. वाटलं, खिळ्यात अडकली असेल. पुन्हा ओढली. तर पलीकडून कुणीतरी हलकेच, अगदी मांजराच्या पिलाला खेळवावं तशी, ती आपल्याकडं ओढली.

"पंचेचाळीस इंच," आवाज आला. पुरुषाचा, जाडसर, हसरा. "तुमच्या बाजूला किती?"

"कोण आहे तिकडं?"

"अर्ध्या खिडकीचा भाडेकरू. आज सकाळीच आलो."

"टेप सोडा आधी."

"माप सांगा, सोडतो."

"चोरी करून वर अट घालता?"

"चोरी कसली, बाई? तुमचीच टेप न विचारता आमच्या घरात घुसली की."

मी हसू दाबलं. या वयात स्टुलावर उभं राहून हसू नये, पाय घसरतो.

या खिडकीचं आधी सांगायला हवं. भवानी पेठेतलं हे आमचं घर. माझ्या सासऱ्यांच्या वेळी पुढच्या खोलीत माग होते. मागाला उजेड लागतो, म्हणून रस्त्याकडची ही खिडकी भली थोरली केलेली. पुढं माग गेले, सासरे गेले, आणि दोघे भाऊ वेगळे झाले. गवंड्यानं दोरी धरली आणि घराच्या मधोमध भिंत उभी केली, ती नेमकी खिडकीच्या मध्यावर आली. खिडकी कुणाची? आमचे हे म्हणाले, माझी. दीर म्हणाले, माझी. चौकट कापू द्यायला दोघंही तयार नाहीत. शेवटी भिंत खिडकीपासून चार बोटं अलीकडंच थांबली आणि खिडकी निम्मी आमची, निम्मी त्यांची झाली. बाहेरून बघावं तर एकच खिडकी, आत दोन संसार.

अशा खिडकीला तयार पडदा बसत नाही. एका बाजूला दांडा अडकवायला भिंत आहे, दुसऱ्या बाजूला नुसती फट. मी आयुष्यभर मुलींच्या शाळेत शिवण शिकवलं, पण या खिडकीनं मला दर वेळी रडवलं. दिरांचं कुटुंब पुण्याला गेल्यापासून पलीकडची बाजू कुलपातच होती. तिकडं कुणी राहायला येणार असं कळलं, म्हणून तर त्या दिवशी मी नव्या पडद्यासाठी माप घेत होते.

"अठ्ठेचाळीस," मी म्हणाले.

"म्हणजे तुमची बाजू मोठी! वाटणीत फसवलं की आमच्या घरमालकांना."

टेप सुटली. फटीतून सरसरत माझ्याकडं आली.

संध्याकाळी मी दारात रांगोळीचा दगड धूत होते, तेव्हा तो माणूस रस्त्याच्या मधोमध उभा राहून खिडकीकडं टक लावून बघत होता. पांढरेशुभ्र केस, धुतलेला सदरा, आणि बोटांची नखं... निळी-जांभळी. मी नखांकडं बघितलेलं त्यानं बघितलं.

"रंग हाय तो," तो म्हणाला. "चादरीच्या कारखान्यात डाइंग मास्तर होतो. आता रिटायर झालो, पण नखं अजून नोकरीवरच हायत. मी कमलाकर येमूल."

"मी प्रभा. टेपवाली."

"ओळखलं." मग तो जरा पुढं आला, माझ्याकडं नीट बघितलं आणि संकोचानं म्हणाला, "बाई, तुमच्या पदराला कडुलिंबाचं पान चिकटलंय बघा."

समोरचा कडुलिंब त्या दिवसांत पिवळी पानं गाळत होता, अंगणभर पडलेली असायची. मी पदर झटकला. पान पडेना. चिमटीनं उचलायला गेले... आणि कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

ते पान शिवलेलं होतं.

साडी लिंबोणी रंगाची, साधी, सुती, काठ असून नसल्यासारखा. पदराला खिळ्यानं भोक पडलं होतं. नुसतं रफू केलं की ठिगळ दिसतं. म्हणून भोकावर पान काढायचं, हे मी शाळेत मुलींना शिकवायचे. तसंच मशीनच्या पिवळ्या दोऱ्यानं मी हे पान काढलेलं. पण परक्या माणसानं त्यावर बोट ठेवलं आणि मला माझं ते सगळं कौशल्य नुसतं फाटकेपण वाटलं.

"पडेल आपोआप," असं काहीतरी बोलून मी आत गेले.

दुसऱ्याच आठवड्यात गोजरबाई आली. गोजरबाई आमच्या भागातली बोहारीण. डोक्यावर भांड्यांची पाटी, काखेत जुन्या कपड्यांचं गाठोडं, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. पन्नाशीची असेल, पण चालते अशी की गल्लीतली पोरं वाट सोडतात. मी लिंबोणी साडी तिच्यापुढं टाकली. तिनं उलटीपालटी केली, पानावर बोट फिरवलं आणि एक छोटा स्टीलचा डबा पुढं सरकवला.

"एवढ्या साडीला हा डबा?"

"लई धुतल्याली हाय की वो बाई. इटलीया पार."

मी भांडले नाही. ती साडी मला घरात नको होती.

त्यानंतर फाल्गुन कसा गेला कळलं नाही. सकाळी मास्तर पेपर वाचायचे आणि वाचून झालेली पानं घडी करून फटीतून माझ्याकडं सरकवायचे. मी शेंगाची चटणी कागदात बांधून तिकडं द्यायचे. चार बोटांच्या फटीतून किती काय जातं! कपबशी तेवढी जात नाही. तिची आम्हांला दोघांनाही हळहळ वाटायची.

"भिंत अजून दोन बोटं मागं थांबली असती तर काय बिघडलं असतं?" मास्तर म्हणायचे.

"गवंड्याला विचारा."

"तो वर गेला असंल. आता तिकडं गेल्यावरच विचारतो."

"एवढ्यात नका जाऊ," मी पटकन बोलून गेले. मग पेपरची घडी अलगद आत आली. त्या दिवशी मी तो पेपर वाचलाच नाही, नुसता मांडीवर घेऊन बसले.

आमचे हे फार चांगले होते. गिरणीच्या भोंग्याबरोबर जायचे, भोंग्याबरोबर यायचे, पगार हातात ठेवायचे. पण मी कोणत्या रंगाची साडी नेसले आहे हे त्यांनी मला जन्मात सांगितलं नाही. मीही कधी विचारलं नाही. तेव्हा असल्या गोष्टींना फुरसत नव्हती, आणि मत्सर करायला तर मुळीच नव्हती. मत्सर ही पोट भरलेल्या माणसाची चैन. ती माझ्या वाट्याला आली ती अशी, केस पांढरे झाल्यावर.

चैत्राचं ऊन तापायला लागलं होतं. मी माझ्या बाजूला पांढरा, निळ्या रेघांचा पडदा शिवून लावला. मास्तरांना म्हटलं, "तुमच्या बाजूचाही शिवून देते. कापड आणा फक्त."

"बघतो," ते म्हणाले. "माझ्या मनात एक कापड हाय. जमतंय का बघतो."

आणि एके सकाळी दूध घेऊन येताना मी रस्त्यातच थांबले.

खिडकीच्या माझ्या बाजूला माझा पांढरा पडदा. आणि त्यांच्या बाजूला... साडी. बाईची साडी! दोरीवरून दुहेरी टाकलेली, गडद डाळिंबी रंगाची, वाऱ्यानं अशी हलत होती की जणू आत कुणीतरी बाई उभी राहून रस्त्याकडं बघते आहे.

"अगे प्रभा," मागून जमीला म्हणाली, "वो साडी किसकी हय गे?"

जमीला आमच्या समोर राहते. फॉल-पिको करते, आणि गल्लीतल्या बातम्यांनाही तीच पिको करून देते. आम्ही दोघी लग्न होऊन एकाच वर्षी या गल्लीत आलो. माझं तोंड बघून माझ्या मनातलं सांगणारी तीच एक.

"मला काय माहीत? असेल त्यांच्या बायकोची."

"बीवी को गुजरके जमाना हुआ, तूच बोली थी ना. और ये रंग देख. एकदम ताजा हय." मग ती मराठीत आली, गंभीर बोलायचं असलं की येते. "एकट्या पुरुषाच्या खिडकीत नवी साडी लटकते, म्हणजे काहीतरी आहे बघ."

"असू दे की. मला काय त्याचं?"

"काही नाही ना? मग दूध कशाला सांडतीस?"

पिशवी खरंच गळत होती.

मी त्याच दिवशी विचारलं. अगदी सहज, पेपर घेता घेता. "मास्तर, छान रंग आहे पडद्याचा. साडी कुणाची?"

फटीपलीकडून त्यांचं ते हसू आलं. "ओळखा की."

"मी कशाला ओळखू? मला काय तुमच्या ओळखीपाळखीच्या बायका ठाऊक?"

"आहे एकीची."

"बरं बरं."

"राग आला?"

"मला? रागवायला मी कोण?" मी पेपर न घेताच उठले. ती पानं तशीच फटीत अडकून राहिली, जीभ काढल्यासारखी.

आहे एकीची! दिवसभर ते दोन शब्द माझ्या मशीनच्या चाकाबरोबर फिरत राहिले. कोण ही एकी? डाळिंबी रंग कुणाला शोभतो? उजळ बाईला. मी सावळी. मी आरशात बघितलं आणि आरसा पालथा घातला.

दोन दिवसांनी उत्तर मिळालं असं मला वाटलं. दुपारची वेळ. गोजरबाई मास्तरांच्या पायरीवर पाटी उतरवून ऐसपैस बसली होती. हातात चहाचा कप. घराच्या आतला, किनार असलेला कप! फटीतून मला जो कधीच मिळाला नाही तो. मी आत आले आणि खिडकीजवळ गेले. ऐकायला नव्हे, पडदा सारखा करायला.

"शोभतीया वो लई, मास्तर," गोजरबाई म्हणत होती.

"शोभणारच. जिची हाय तिलाच शोभणार असा रंग काढलाय."

"आनी तिला ठावं हाय का?"

"न्हाय अजून. तू बोलू नको कुठं."

"माझ्या तोंडातनं भाप निगायची न्हाय. पर लई दिस थांबू नगा. आपलं काय आता वय हाय व्हय थांबायचं?" आणि दोघं हसले.

आपलं वय! म्हणजे तिचं आणि त्यांचं! ती साडीत देखणी दिसते, ते मला कधीच नाकारता आलं नव्हतं. शिवाय तिच्या हसण्यात अजून धार आहे. माझ्या हसण्यात काय आहे? कवळी.

मी शिवणातल्या चिंध्या गोळा केल्या, त्यांचा घट्ट बोळा केला आणि फटीत कोंबला. वरपासून खालपर्यंत. एक चिंधी कमी पडली तर जुनी उशी फोडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोळ्याचा एक भाग हलला आणि माझ्या पायाशी पडला. त्या जागेतून काठीचं टोक डोकावलं, आणि त्यामागून पेपर.

"बाई, बोळा कशाला घातला?"

"उंदीर येतात."

"इकडून?"

"तिकडूनच. मोठे."

"किती मोठे?"

"पांढऱ्या केसांचे."

ते इतके हसले की खोकला आला. मला पाणी विचारावंसं वाटलं, पण विचारलं नाही. बोळा उचलून परत जागेवर बसवला. असं रोज चालायचं. ते काढायचे, मी घालायचे. जमीला म्हणाली, "अगे, दोघं मिळून रोज फट साफ करताय की भांडताय?"

"त्या गोजरबाईची साडी त्यानं आपल्या खिडकीला लावली," मी म्हणाले. "उद्या ती त्या घरात येईल. मग फटीतून मी काय ऐकायचं?"

बोलल्यावर मला माझं ऐकू आलं. जमीलानं दातांनी दोरा तोडला आणि माझ्या हातावर हात ठेवला. मला एवढंच कळत होतं: ती चार बोटांची फट गेली, तर माझ्या दिवसांत बाकी फार काही उरत नव्हतं.

वैशाखात एका दुपारी वावटळ उठली. धूळ, पानं, प्लॅस्टिकच्या पिशव्या, सगळं गरगरत गल्लीतून गेलं आणि मास्तरांच्या खिडकीतली दोरी तुटली. संध्याकाळी ते माझ्या दारात उभे. पहिल्यांदाच. फटीतून नव्हे, दारातून. मी त्यांना उंबऱ्यावरच थांबवलं.

"बाई, साडी दोरीवर राहत नाही. नीट पडदा शिवून द्याल का? नेफा, चुण्या, सगळं तुमच्या पद्धतीनं."

इतके दिवस गिळलेलं सगळं वर आलं. "जिची साडी आहे तिच्याकडूनच शिवून घ्या ना."

"तेच तर करतोय," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हणजे... तेच." त्यांचे कान लाल झाले होते. मी समजले, दिवसभराच्या उन्हानं झाले असतील. "नाही म्हणायचं असलं तर म्हणा. मी काय करू मग? फडकी कापीन त्याची."

नाही म्हणायला तोंड उघडलं होतं मी. पण शिवणाऱ्या बाईचा एक दोष असतो. कापड वाया जातंय म्हटलं की तिला राहवत नाही. आणि दुसरं, खोटं कशाला बोलू? मला ती साडी एकदा हातात घेऊन बघायची होती. कसली बाई आहे ते साडी सांगते. कंबरेशी किती झिजली, पदर कोणत्या खांद्यावर, तेल लावते का, घाम किती...

"आणा," मी म्हणाले. "पण दारातून नको. गल्ली बघते. फटीतून द्या."

मी माझा बोळा काढला. पलीकडून साडी यायला लागली. चार बोटांच्या फटीतून डाळिंबी कापड हळूहळू, लाट यावी तसं, माझ्या खोलीत उतरत होतं. ते सोडत होते, मी ओढत होते. मध्येच कापड ताणलं. त्यांनी धरून ठेवलं होतं.

"सोडा की."

"जपून कापा, बाई. परत मिळायची नाही अशी साडी."

मी एकदम हिसडा दिला. सगळी साडी माझ्या पायांवर येऊन पडली.

दार लावलं, साडी जमिनीवर पसरली. कंबरेशी मऊ झालेली. नेसणारी कष्टाची बाई दिसते. तेलाचा वास नाही. नुसता सोड्याचा आणि रंगाचा. काठ नसल्यासारखाच. गोजरबाई तर बोटभर काठाशिवाय नेसत नाही... मग कोण? मी कात्री हातात घेतली. खरं सांगते, एक क्षण असा आला की वाटलं, तिरपी कापावी. मुद्दाम. म्हणावं, तुमचं कापडच वाकडं होतं.

कुठून कापायचं ते बघायला पदर उलगडला.

आणि त्या गडद डाळिंबी कापडावर एक पान पडलेलं होतं. पिवळं. कडुलिंबाचं.

खिडकीतून उडून आलं असेल म्हणून मी ते झटकलं. पडेना. चिमटीनं उचलायला गेले...

मी कात्री खाली ठेवली. पानाचे टाके मी बोटानं मोजत नव्हते, नुसते चाचपत होते. देठाशी दोरा दोनदा गुंडाळायची माझी खोड. मधल्या शिरेला तिरपा टाका. सगळी साडी डाळिंबी झाली होती आणि माझं एवढंसं पान जसंच्या तसं पिवळं राहिलं होतं.

मी फटीशी गेले. "मास्तर..."

"सापडलं?" ते तिथंच होते. भिंतीला टेकून बसलेले असणार. एवढ्या जवळून आवाज आला.

"ही माझी साडी आहे."

"व्हय की."

"ती लिंबोणी होती."

"लिंबोणी ठेवली असती तर तुम्ही रस्त्यावरूनच ओळखली असती, आणि झिंज्या उपटल्या असत्या माझ्या. रंगवली घरीच, पातेल्यात. सुतानं रंग घेतला. तुमच्या पानाचा दोरा पॉलिस्टरचा. त्यानं घेतला नाही. जन्मभर रंगवलं मी बाई, मला आधीच माहीत होतं की पान राहणार." मग हळूच, "राहावं म्हणूनच त्या रंगात बुडवली. तुम्ही दुसऱ्याच दिवशी ओळखाल असं वाटलेलं. पान दुमडीत गेलं ते माझ्या ध्यानातच आलं नाही. गडी माणूस मी, पडदा कसा टांगतात मला काय ठावं!"

"आणि गोजरबाई?"

"तिच्याकडनंच घेतली. तुम्ही साडी टाकली तेव्हा मी दारातच होतो. तुम्हांला एक डबा दिला ना तिनं?"

"छोटा."

"माझ्याकडनं तांब्याचं पातेलं घेतलं. झाकणासकट. वर रोज चहा."

"झाकणासकट? आणि मला म्हणाली विटलेली आहे!" मला हसूही येत होतं आणि डोळ्यांतून पाणीही. "पण का, मास्तर? फाटकी साडी. तुम्हीच तर बोट दाखवलंत त्या पानावर."

पलीकडं त्यांनी नखानं भिंत खरवडली. माणूस शब्द शोधतो तेव्हा भिंतीतूनही कळतं.

"मला ते खरंच पान वाटलं," ते म्हणाले. "नंतर कळलं शिवलेलं हाय. घरी आलो आणि रात्रभर तेच. भोक पडलं तर तिथं पान काढणारी बाई... आणि मी येड्यासारखं पान चिकटलंय म्हणालो. आठवड्यानं तुम्ही ती साडी बोहारणीला टाकली. माझ्यामुळं टाकली, मला कळलं की. मग ती दुसऱ्या कुणाच्या अंगावर कशी बघू मी?"

मी भिंतीला डोकं टेकवलं. इतके दिवस मी एका बाईचा राग राग केला होता. तिच्या कंबरेचा, तिच्या रंगाचा, तिच्या हसण्याचा. आणि ती बाई हीच, कवळीवाली.

"अजून राग हाय?" त्यांनी विचारलं.

"आहे."

"कुणाचा?"

"त्या लिंबोणी साडीवालीचा. तिला तुम्ही इतकं बघितलंत... मला कधी असं बघितलं नाहीत."

"फट लहान हाय, बाई," मास्तर म्हणाले. "दिसतंय तेवढं बघतो."

पडदा शिवायला मी मुद्दाम वेळ लावला. दोन बाजूंचे दोन शिवायचे की एकच, यावर फटीतून पुष्कळ वाद झाला. शेवटी मी ठरवलं आणि त्यांना सांगितलंच नाही. माझा पांढरा पडदा उतरवला, गल्लीच्या टोकाच्या वेल्डरकडून एकच लांब दांडा आणला, फटीतून आरपार घातला. एक टोक माझ्या घरात, एक त्यांच्या. आणि साडीचा एकच पडदा शिवला, नेफ्यातून दांडा ओवलेला, दोन्ही घरांतून सरकणारा. पान असं बसवलं की पडदा मध्यावर असला की ते नेमकं फटीत येतं. ना माझ्या खोलीत, ना त्यांच्या.

फक्त एक चूक झाली. की चूक म्हणू नये? साडी जुनी, झिजलेला भाग कापून टाकावा लागला. पडदा दोन्ही बाजूंना पुरेना. मी माझ्याकडं पूर्ण ओढला की मास्तरांची बाजू उघडी पडायची, त्यांनी ओढला की माझी.

जमीलानं रस्त्यावरून बघितलं आणि कपाळाला हात लावला. "क्या सिया गे ये! एक पडदा, दो घर? शिवणाच्या बाई ना तू?"

"कापड कमी पडलं."

"कापड कमी पडलं की अक्कल?" मग माझ्याकडं बघून तिचं तोंड हसायला लागलं. "अच्छा... अच्छा! बरोबर शिवलंय. तसाच राहू दे."

पहिल्याच दुपारी भांडण सुरू झालं. मी पडदा ओढून निवांत आडवी झाले तर सर्रकन पडदा सरकला, पान माझ्या डोळ्यांसमोरून पलीकडं गेलं आणि सगळं ऊन माझ्या तोंडावर.

"मास्तर, ऊन येतंय."

"इकडं छान सावली हाय."

"सोडा पडदा."

"सोडत नाही."

"मी काय उन्हात बसू?"

पलीकडं कपात चहा ओतल्याचा आवाज आला. मग दुसऱ्या कपात. फटीतून कप जात नाही, हे आम्हां दोघांनाही पक्कं ठाऊक होतं.

"मग या की इकडं," मास्तर म्हणाले.

मी उठले. आरसा सुलटा केला, केसांवरून हात फिरवला आणि चपला पायांत सरकवल्या. भर दुपारी, भर गल्लीत, सगळ्यांच्या देखत दहा पावलं चालून मी पलीकडच्या दाराशी गेले. पायरीवर गोजरबाई पाटी घेऊन बसली होती, नेहमीसारखी ऐसपैस.

"या की वो, बाई," ती म्हणाली.

"येते," मी म्हणाले. "तू आधी सरक तिथून."